सुई कुठे द्यायची

सुई म्हटलं की आमच्या भागातला पुरुष आधी पट्टा सोडतो. मी तोंड उघडायच्या आत तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिलेला असतो, त्यामुळे माझं पहिलं वाक्य नेहमी त्याच्या पाठीलाच जातं. "अहो, हातात आहे." मग तो मान वळवून बघतो. त्याच्या चेहऱ्यावर सुटकेपेक्षा निराशाच जास्त दिसते.

कर्जत तालुक्यात कळंबच्या बाजूला एका उपकेंद्रात मी नर्स आहे. वीसेक वर्षं झाली. शिकलेला आणि न शिकलेला असा भेद मी इतर बाबतींत पाहिला आहे, पट्ट्याच्या बाबतीत नाही. एकदा मोठ्या आरोग्य केंद्रात ड्युटी लागली होती, तेव्हा रिसॉर्टवर सुट्टीला आलेले मुंबईचे एक गृहस्थ आले. रिसॉर्टचं कुत्रं चावलेलं. त्यांनी मोबाइलवर बोलता बोलताच पट्टा सोडला. मी हातात म्हटल्यावर त्यांनी फोन खाली घेतला आणि विचारलं, "पोटात चौदा असतात ना?" मी म्हटलं, माझ्या लहानपणी असायच्या. त्यांनी माझ्याकडे, मी बरीच म्हातारी असल्यासारखं पाहिलं. मला राग लवकर येतो, पण सुई हातात असताना मी तो येऊ देत नाही.

खरं तर हे अजिबात अवघड नाही. लस मांसात द्यायची असेल तर जिथे मांस जाड आहे आणि खाली काही महत्त्वाचं नाही, तिथे द्यायची. बाळाचं मांस असतं मांडीत. मांडीच्या वरच्या हाडापासून गुडघ्यापर्यंत मनात तीन भाग करायचे, मधला भाग धरायचा आणि पुढून थोडं बाहेरच्या अंगाला सुई सरळ उभी घालायची. बाळाच्या ढुंगणाला मांस नसतंच. वरून गुबगुबीत दिसतं ती सगळी चरबी. मांस तिथे भरतं ते चालायला लागल्यावर, म्हणजे ज्या बापाचा पट्टा सगळ्यात आधी सुटतो, त्याच्या पोराला तिथे द्यायला जागाच नसते. दीड वर्षाचा डोससुद्धा मांडीतच. पाच वर्षांचं झालं की खांद्याखालचा दंड भरतो, तेव्हापासून हात. दहा वर्षांचं पोर, सोळा वर्षांची मुलगी, पोटुशी बाई, म्हातारा, सगळे हातात. खांद्याच्या हाडाचं टोक बोटाने चाचपायचं, त्याखाली दोन-तीन बोटं सोडायची. उलटा त्रिकोण असतो तिथे, त्याच्या मध्ये. त्रिकोणाच्या वर गेलं तर सांधा, फार खाली गेलं तर हाडामागून वळसा घेऊन येणारी शीर.

मागे देत नाहीत, कारण मागे पायाची सगळ्यात मोठी शीर असते, रक्ताची नव्हे, पाय हलवणारी. कमरेतून निघते आणि ढुंगणातून, मांडीच्या मागून खाली पावलापर्यंत जाते. हे आम्हाला ट्रेनिंगमध्ये भिंतीवरच्या तक्त्यावर शिकवलं. तक्त्यात मांस लाल होतं, शिरा पिवळ्या होत्या, आणि माणसाला चेहरा नव्हता. मला पैकीच्या पैकी मार्क मिळाले.

आणि एवढं शिकून मी मागे सुया देत होते. लसी नव्हे. लस मी कायम जागच्या जागी दिली. पण माझं सासर खालापुरातलं, टोलनाक्याच्या अलीकडे, आणि नर्स सून घरात आली म्हणजे गल्लीचा दवाखाना झाला. रविवारी गेले की सासूबाईंचे गुडघे तयार असायचे. डॉक्टरने लिहून दिलेली दुखण्याची, ताकदीची इंजेक्शनं पिशवीत घालून शेजारच्या दोघी-तिघी ओट्यावर बसलेल्या असायच्या. मी हातात द्यायला गेले की सासूबाई म्हणायच्या, "हातातली सुई म्हंजे पोरांची गं. दुखणं उतराया मागनंच पायजे." मी एकदा-दोनदा तक्ता समजावला. त्यांनी ऐकून घेतलं आणि पालथ्या पडल्या. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, ते मी इतक्या जवळून पाहिलं आहे. मग वरच्या-बाहेरच्या कोपऱ्यात द्यायची काळजी घेऊन मी देत राहिले. घरात वाद नको, हे कारण. कोणाचं काही बिघडलं नाही, त्यामुळे ते कारण मला बरीच वर्षं पुरलं.

कळंबच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी एक वाडी माझ्याकडे आहे. पंचवीसेक घरं. शेवटचा टप्पा पायी. वाडीवर सगळ्यांना 'तू' म्हणतात, डॉक्टरला, तलाठ्याला आणि देवालाही. पहिल्या वर्षी मला ते खटकलं होतं. आता खाली बाजारात कुणी 'अहो मॅडम' म्हटलं की हा काहीतरी मागणार असं वाटतं.

त्या वाडीत एक मुलगी आहे. तिच्या बाळपणीच्या सगळ्या लसी मीच मांडीत दिल्या होत्या आणि ती त्या वयाला शोभेल एवढीच रडली होती. दीड वर्षाची असताना तिला ताप आला. आईबाप तिला घेऊन बाजारच्या गावात गेले. तिथे एक डॉक्टर बसायचा, तो आता तिथे नाही आणि तो डॉक्टर होता की नाही हेही मला कधी कळलं नाही. त्याने सुई काढली. बापाने स्वतःच पोर पालथं धरलं, कारण सुई म्हणजे मागे, हे त्यालाही सगळ्यांसारखंच माहीत होतं. ताप उतरला. दुसऱ्या दिवशी पोर उभं राहीना. मग उभी राहिली, पण उजवं पाऊल खाली लोंबायला लागलं. चालताना बोटं जमिनीला घासायची.

मला कळलं तेव्हा मी नियमाप्रमाणे वर कळवलं. लहान मुलाचा पाय अचानक लुळा पडला तर तो पोलिओ नाही ना, हे तपासावंच लागतं, आणि त्यासाठी मुलाची शी दोनदा तपासायला पाठवावी लागते. जीप जाईल तिथपर्यंत जीप आली, पुढे आरोग्य खात्याचे साहेब चालत आले. त्यांनी बर्फाचा डबा उघडला आणि मुलीच्या आईला नम्रपणे काय हवंय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा आले, कारण दोन लागतात. पोलिओ नव्हता. वाडीला ते आधीपासून माहीत होतं. वाडीच्या लक्षात जे राहिलं ते असं, की सुईने पोरीचा पाय गेला आणि सरकार दोनदा गू मागायला आलं.

यातलं एकही अक्षर खोटं नसल्यामुळे मला खोडून काढता येईना.

मुलीला आम्ही मोठ्या रुग्णालयात दाखवलं. पावलाला आधाराची पट्टी दिली, व्यायाम दिले. पाऊल थोडं सुधारलं, पुरतं नाही. तिची उजवी चप्पल पुढून झिजायची आणि डावी नवीच्या नवी राहायची. ती पाच वर्षांची झाली तोवर तिला याची सवय झाली होती. आम्हाला झाली नव्हती.

त्यानंतर तिच्या आईला दुसरी मुलगी झाली, घरातच. मी सहा आठवड्यांनी लस घेऊन गेले, तेव्हा ती बाळाला पाठीशी बांधून दारात उभी राहिली आणि म्हणाली, "नाय टोचायची. एकीचा पाय दिला. हिचा नाय देनार."

मी म्हटलं, ही मांडीत असते, ती मागे दिली होती.

"मांडी काय अन् मागलं काय, पाय तोच ना?"

मी म्हटलं, मोठीला मीच मांडीत दिल्या होत्या, काही झालं होतं का?

"तवा ती रांगत होती. काय कळनार?"

दुधाने तोंड पोळलं की ताकही फुंकून पितात, हे मला मान्य आहे. पण ही बाई ताकाचं भांडंच घरात येऊ देईना, आणि तिचं बघून बाकीच्याही देईनात. बाळं असलेली सहा घरं होती. पुढच्या महिन्यात मी गेले तर सहाही दारं पुढे ओढलेली. त्याच्या पुढच्या महिन्यात दारं उघडी होती आणि सगळ्या बायका लाकडाला गेलेल्या होत्या, बाळांसकट. मी तक्ता नेला होता. अंगणवाडीच्या भिंतीला तो लावून त्याच्यासमोर मी आणि आशाताई दोघीच बसलो. आशाताई त्याच वाडीची. ती म्हणाली, "ह्या मान्साला तोंड नाय. ह्याचं कोन ऐकंल?"

ही लस ज्याच्यासाठी असते, त्या डांग्या खोकल्याचं बाळ मी आयुष्यात एकदाच पाहिलं आहे. खोकता खोकता निळं पडलं, श्वास आत घेताना कोंबड्यासारखा आवाज आला आणि मग आवाजच आला नाही. ते बाळ दुसऱ्या भागातलं होतं आणि माझ्या नोकरीच्या पहिल्या वर्षातलं. मला त्या वाडीतल्या सहा बाळांची भीती वाटायची. मी रागावायचे, चिडायचे, आशाताईवर खेकसायचे, ते सगळं त्या भीतीपोटी. तीन-साडेतीन महिन्यांची ती धाकटी आणि तिच्या मागची पाच, एवढाच माझा प्रश्न होता, आणि किल्ली एका बाईच्या हातात होती.

चौथ्या खेपेला मी लशीचा डबा खांद्याला अडकवून चढले, तर सगळी वाडी जागेवर. बाया, बाप्ये, पोरं, सगळे एका झाडाखाली जमलेले. मला क्षणभर वाटलं, आशाताईने कमाल केली.

"बोकड हाय," आशाताई म्हणाली. "देवाचा."

"मग काल फोन करून सांगायचं ना, आज नका येऊ म्हणून."

"सांगितलं असतं तर तू आली नसतीस," ती म्हणाली.

मी डबा अंगणवाडीच्या ओट्यावर सावलीत ठेवला आणि झाडाखाली येऊन बसले. दुसरं काय करणार? बोकड कापून झाला होता, वाटे घालणं चाललं होतं. वाडीत वाट्याची रीत कडक आहे. जितकी घरं तितकी सागाची पानं जमिनीवर मांडतात, आणि प्रत्येक पानावर प्रत्येक भागाचं थोडं थोडं मांस पडलं पाहिजे. एकाला नुसती हाडं आणि दुसऱ्याला नुसती मांडी, असं चालत नाही. म्हणून वाटे घालणारा माणूस कुणीही असून भागत नाही. त्याला मांसाचे जोड माहीत हवेत, कुठला लोळा कुठे सुटतो ते बोटांना कळायला हवं. आणि तो स्वतःचं पान शेवटी उचलतो, म्हणजे त्याला हात राखून काम करता येत नाही. या वाडीत वाटे घालायचा तो त्या मुलीचा आजा, आईचा सासरा. सत्तरीचा असेल. तोंडात शब्द कमी आणि हातात सुरी हलकी. मुलगी त्याच्या शेजारी उकिडवी बसून माश्या हाकत होती.

मागचा पाय आला. त्याने तो मांडीवर घेतला, मागच्या बाजूने कातरल्यासारखी एक रेघ मारली आणि दोन लोळ्यांच्या मधे बोटं घालून ते वेगळे केले. आणि मधे ती दिसली. पांढरी, चपटी, परकराच्या नाडीएवढी जाड, वरून थेट खाली गेलेली.

ट्रेनिंगच्या तक्त्यात ती पिवळी होती. मी पंधरा-वीस वर्षं तिच्याबद्दल बोलत होते आणि तिला पाहत होते पहिल्यांदा. "ही!" मी एवढ्या मोठ्याने म्हटलं की आजाने सुरी थांबवली.

"ही काय?"

"ही शीर. हिच्यात सुई गेली पोरीच्या."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्या पांढऱ्या दोरीकडे. "ही मला ठाव हाय," तो म्हणाला. "मागनं कोयता लागला अन् ही तुटली तर जनावर पाय ओढतं. बैल बी ओढतो." मग त्याने शेजारी उकिडव्या बसलेल्या नातीकडे पाहिलं. तिचं उजवं पाऊल बाहेरच्या अंगाला कलंडलेलं होतं. "मान्साला बी असती?"

"असते. ह्याच जागी."

आजाने बोटाने ती दोरी पुन्हा उचलून पाहिली. आयुष्यभर तो ती दोरी बोटांनी बाजूला सारत आला होता, आणि चार वर्षं त्याच्याच घरात एक पोर पाय ओढत होती. ही दोन्ही एकच गोष्ट आहे असं त्याला कुणी सांगितलं नव्हतं. मी सांगितलं होतं म्हणा, पण तक्ता लावून.

त्याने सुनेला हाक मारली. ती बाळाला पाठीशी घेऊन आली. त्याने तिला दोरी दाखवली, ओढून दाखवली, ओढल्यावर बोकडाच्या गुडघ्याखालचं मांस कसं हलतं ते दाखवलं. मग मला म्हणाला, "तू कुठं देतीस?"

मी बोकडाच्या मांडीवर बोट ठेवलं. पुढून, बाहेरच्या अंगाला, मधल्या भागात. त्याने तिथे सुरी घातली आणि हाडापर्यंत उघडलं. नुसतं लाल मांस. त्याने बोटाने वर चाचपलं, खाली चाचपलं. मग मांडी उलटी करून आतल्या बाजूने उघडली आणि तिथली रक्ताची नळी आणि तिच्यालगतची दुसरी, बारीक दोरी मला दाखवली. आजाची परीक्षा आमच्या परीक्षेपेक्षा अवघड होती.

"आतल्या अंगाला मी जातच नाही," मी म्हटलं.

"बाहेरनं कायबी नाय," तो सुनेला म्हणाला. "नुसतं मांस हाय."

सून दोरीकडे बघत होती. मग तिने माझ्याकडे पाहिलं. "तू दिलीस का कदी मागं? खरं सांग."

आशाताईने माझ्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे नाही म्हण. मला नाही म्हणता आलं असतं. लस आम्ही तिथे देत नाही, हे माझं वाक्य पाठ होतं आणि ते शब्दशः खरं होतं. पण तिने लशीचं विचारलं नव्हतं, सुईचं विचारलं होतं. आणि समोर ती दोरी उघडी पडलेली होती. मला लाज वाटली. सासूबाई डोळ्यांसमोर आल्या, ओट्यावर बसलेल्या शेजारणी आल्या.

"दिल्यात," मी म्हटलं.

"किती?"

"मोजल्या नाहीत."

"कुनाचा पाय गेला?"

"माझ्या माहितीत नाही. पण गेला असता तर मला येऊन कुणी सांगितलं असतं, असंही नाही."

झाडाखाली सगळे ऐकत होते. कुणीतरी पोराला गप्प केलं. आशाताईने कपाळाला हात लावला.

"अजून देतीस?"

"तुझी पोर बघितल्यापासून नाही. घरच्यांनी तोंड फुगवलं तरी नाही." हे खरं होतं. सासूबाई तेव्हापासून खालापुरातच दुसऱ्या एकीकडून घेतात आणि तिचा हात माझ्यापेक्षा हलका आहे असं मला ऐकवतात.

सुनेने पाठीवरची गाठ सोडली, बाळ पुढे घेतलं आणि अंगणवाडीच्या ओट्यावर जाऊन बसली. तिथे माझा डबा होता. मला समजायला थोडा वेळ लागला. आशाताई माझ्या आधी पळाली.

मी हात दोनदा धुतले. बाळाला आईच्या मांडीवर आडवं घेतलं, पाय उघडा केला, आईचा हात गुडघ्यावर ठेवायला सांगितला. आजा सुरी पानावर ठेवून, रक्ताचे हात अंगापासून लांब धरून मागे येऊन उभा राहिला. इतकी वर्षं मी ही जागा डोळे मिटून शोधते. त्या दिवशी मी खरोखर तीन भाग केले, बोटांनी मोजून, शिकाऊ पोरीसारखे. डाव्या मांडीत एक, उजव्या मांडीत एक, दंडाच्या कातडीत एक बारीकशी, आणि तोंडातले थेंब. बाळ पेटून रडलं. आईने मांडी चोळायला हात नेला, मी तो धरला. चोळायचं नसतं. तिने मला शिवी दिली आणि बाळाला पाजायला घेतलं.

थोरलीचाही पाच वर्षांचा डोस राहिला होता. मी तो काढायचं धाडस करणार नव्हते. एका दिवसाला एवढं पुष्कळ झालं, असं ठरवून मी डबा बंद करत होते, तेवढ्यात ती स्वतःच पाय ओढत ओट्यापाशी आली.

"माज्यात बी ती दोरी हाय?"

"हाय."

"हातात?"

तिच्या आईचं पाजणं थांबलं. हातात काही नाही, असं म्हटलं असतं तर पोर बसली असती. पाच वर्षांच्या पोराला आपण हजार गोष्टी खोट्या सांगतो. मी म्हटलं, "हातात पण आहे. खाली आहे, हाडाच्या मागून जाते. मी तिच्या वर देणार."

"चुकलीस तर?"

"चुकणार नाही."

"त्यो बी असंच बोलला असंल," ती म्हणाली.

मी तिचं बोट धरलं आणि तिच्याच खांद्यावर ठेवलं. हाडाचं टोक तिला सापडलं. "ह्याच्या खाली माझी दोन बोटं," मी म्हटलं आणि बोटं टेकवली. "तिथं मऊ आहे ना? दाब. आता खाली ये. तिथं खाली, मागं, ती जाते. तिकडं मी येत नाही." तिने दाबून बघितलं. वर, खाली, मागे. मग पुन्हा मऊ जागेवर आली आणि बोट तिथेच ठेवलं. "इथं," ती म्हणाली. मी बघितलं. जागा बरोबर होती. बोट काढून घ्यायला लावून मी सुई दिली. ती बघत राहिली, सुई आत जाताना आणि बाहेर येताना. रडली नाही. तोंड मात्र अगदी पांढरं पडलं होतं.

लस दिल्यावर अर्धा तास बसवून ठेवायचं असतं. काही झालं तर आपण समोर असावं म्हणून. एरवी हा अर्धा तास मी रजिस्टर भरण्यात घालवते आणि बाया बडबड करण्यात. त्या दिवशी मुलगी ओट्याच्या मधोमध बसली आणि तिने हात वर केला. खाली आणला. मूठ आवळली, उघडली. पुन्हा वर. बाकीच्या पाच बाया आपापली बाळं घेऊन झाडाखालून सरकत सरकत ओट्याजवळ आल्या होत्या, पण ओट्याला कुणी शिवलं नाही. आजाने वाटे अर्धे टाकले होते, पानांवर माश्या बसत होत्या आणि सगळी वाडी एका पोरीचा हात बघत होती. मीही. रजिस्टर उघडं होतं, त्यात मी एक अक्षर लिहिलं नाही. चार वर्षांपूर्वी कुणी असं अर्धा तास तिचा पाय बघत बसलं असतं तरी काही उपयोग नव्हता, हे मला माहीत होतं. तरी ते माझ्या डोक्यातून जाईना.

हात दुखायला लागला असणार. दुखतोच. वर करताना ती ओठ चावायला लागली, पण वर करायची थांबली नाही.

अर्धा तास होऊन गेला. शेवटी तिची आई उठली. तिने थोरलीचा दंड धरला, खांद्यापासून बोटांपर्यंत दाबत खाली आली, एक एक बोट वाकवून बघितलं. मग मांडीवरच्या बाळाचा एक पाय पकडून हलवला, दुसरा हलवला. बाळाने दोन्ही पाय झाडले.

ती ओट्याखालच्या पहिल्या बाईकडे वळली.

"आन तुजं," ती म्हणाली.